फोन फुकट की छत्तीस महिन्यांचा ठेका?

डग्गा_बडोदा

मंडळी, फोनच्या बाजारातलं मला फारसं कळत नाही. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मी तबला शिकवतो. बडोद्यात, दांडिया बाजारात, घरीच. करोनात सगळं बंद पडलं तेव्हा एका विद्यार्थ्याने बळेबळेच व्हिडिओवर शिकवायला बसवलं, आणि आता आठपैकी पाच शिष्य परदेशात आहेत. माझा फोन पाच वर्षांचा झालाय. त्याचं काय बिनसलंय कोण जाणे, पलीकडे तबला ऐकू जातो, डग्गा जात नाही. मी ‘धा’ वाजवला की समोरच्याला ‘ता’ ऐकू येतो. तबल्याच्या मास्तराची यापरती बेअब्रू नाही.

तर नवा फोन घ्यायचाय. पंचवीस हजारांच्या वर जायची तयारी नाही. तीन दिवसांत तीन शहाण्यांनी तीन वाटा दाखवल्या.

पहिला माझा न्यू जर्सीचा शिष्य. म्हणाला, “गुरुजी, आम्हाला इथे कंपनीने नवा आयफोन फुकट दिला. जुना परत केला, बस. डिसेंबरात येताना तुमच्यासाठीही बघू का?” फुकट! मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा फुकटच म्हणाला.

दुसरा माझा मुलगा. नवरात्र तोंडावर आलंय, ऑनलाइन सेल लागलेत. त्याने २४,००० चा एक फोन काढून ठेवलाय. सहा महिने चार-चार हजार, ‘नो कॉस्ट’ ईएमआय. “बाबा, यात व्याजच नाही.” व्याज नाही तर बँक काय पुण्य कमावायला बसलीय, हे काही त्याला सांगता आलं नाही.

तिसरा मरीमातेच्या खांच्यातला दुकानदार. तोच फोन, तोच रंग, २४,९९९. वर कव्हर आणि काच लावून देणार. ऑनलाइनचा भाव सांगितला तर म्हणाला, “साहेब, ओनलाइनवाळा पछी फोन नथी उपाडता.” म्हणजे ऑनलाइनवाले नंतर फोन उचलत नाहीत.

माझा मूळ प्रश्न वेगळाच आहे. माझा नंबर हचच्या काळातला. पाटी बदलून व्होडाफोन झाली, मग आयडियाशी लग्न लागून व्ही झाली. नंबर तोच, पैसे भरणारा मी तोच. इतक्या वर्षांत या लोकांनी मला फोनचं कव्हरसुद्धा दिलं नाही. मग अमेरिकेतल्या कंपन्यांना असा काय पान्हा फुटलाय? त्या फुकटचे पैसे शेवटी भरतं कोण? आणि तिकडून फोन आणवावा का?

(जाता जाता: २८ दिवसांचा रिचार्ज कोणी काढला, त्याला एकदा भेटायचंय. बारा महिन्यांच्या आवर्तनात तेरा रिचार्ज बसवलेत. अशी तिहाई मी विद्यार्थ्याला शिकवायला धजणार नाही.)

शून्य_बॅलन्स

काका, आधी एक बघा. व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं आजूबाजूचा गोंगाट कापतात, आणि त्यांच्या लेखी तबला हा गोंगाटच. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ अशी सोय असते, ती चालू करून पाहा. कदाचित पंचवीस हजार वाचतील.

डग्गा_बडोदा

गोंगाट! आमच्या शेजाऱ्यांचंही तेच मत आहे. आत्ता करून पाहिलं. झूमवर थोडा फरक पडला, पण साधं रेकॉर्डिंग केलं तरी डग्गा दबलेलाच येतो. म्हणजे फोनच गेलाय. पण सुचवलंत ते बरं केलंत.

एडिसनकर

मी मूळचा मांजलपूरचा, आता न्यू जर्सीत. तुमचा शिष्य खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धं सांगतोय.

इथे असं चालतं. फोन समजा ८०० डॉलरचा. कंपनी तो तुम्हाला ३६ महिन्यांच्या हप्त्यावर विकते, महिना २२ डॉलर २२ सेंट. मग दर महिन्याच्या बिलात तेवढीच रक्कम ‘क्रेडिट’ म्हणून वजा करते. हप्ता लागला, हप्ता वजा झाला, म्हणून फुकट. अट एकच, तीन वर्षं त्यांच्याकडेच राहायचं, आणि बहुतेकदा महागड्या प्लॅनवर. माझ्या एका लाईनचे महिन्याला ऐंशीच्या आसपास जातात. तुमचा वर्षाचा रिचार्ज किती? चार हजार रुपये? आमचा तेवढा पंधरवड्यात होतो.

मी मागे चौदा महिन्यांनी कंपनी सोडायला निघालो होतो, कारण नव्या घरात रेंजच येत नव्हती. कंपनी गोड आवाजात म्हणाली, खुशाल जा, मात्र क्रेडिट आजपासून बंद आणि उरलेले बावीस हप्ते एकदम भरा. ४८९ डॉलर. मग काय, आठ महिने खिडकीशी उभा राहून बोललो.

पूर्वी इथे उघड करार असायचा, दोन वर्षांचा. पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला तो फक्त एटी अँड टी या एकाच कंपनीच्या नेटवर्कवर, ४९९ आणि ५९९ डॉलरला, आणि वर करारही होताच. दहा आठवड्यांत ५९९ चा ३९९ केला. आधी घेतलेल्यांनी एवढा आरडाओरडा केला की अ‍ॅपलला त्यांना शंभर-शंभर डॉलरचं स्टोअर क्रेडिट द्यावं लागलं. खरी गंमत २००८ ची. पुढचा आयफोन ३जी १९९ डॉलरला. फोन स्वस्त झाला नव्हता, उरलेली किंमत एटी अँड टी भरत होती आणि दोन वर्षांच्या बिलातून काढून घेत होती. तिची स्पर्धक कंपनी व्हेरायझन, तिच्याकडे आयफोन नव्हता, म्हणून त्यांनी २००९ मध्ये मोटोरोलाचा ड्रॉइड वाजवत आणला. त्यांना आयफोन मिळाला फेब्रुवारी २०११ मध्ये. म्हणजे तेव्हा भांडण दोन फोनांचं दिसायचं, पण खाली दोन नेटवर्कांचं होतं.

मग २०१३ मध्ये टी-मोबाइल या आणखी एका कंपनीने करारच मोडीत काढले, मागून बाकीच्यांनीही काढले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. करार गेला आणि त्याच्या जागी पुढे ३६ महिन्यांचा हप्ता आला.

आणवण्याबद्दल: आणवू नका. हप्त्यावरचा फोन पैसे फिटेपर्यंत बहुधा त्या कंपनीलाच कुलूपबंद असतो, बडोद्यात तुमचं सिम चालणार नाही. शिवाय आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलांना सिमचा खाचाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं, फोनातच भरलेलं सिम. रोख घेतलेला, अनलॉक असला तर गोष्ट वेगळी. पण मग तो फुकट नसतो.

काउंटरवाला

मास्तरसाहेब, नमस्कार. रावपुऱ्यात मामांच्या दुकानात २००२ पासून काउंटरला उभा आहे. तुम्ही ज्याच्याकडे गेलात तो मी नव्हे, पण त्याची अडचण मला ओळखीची आहे.

आपल्याकडच्या कंपन्यांनी फोन द्यायचा प्रयत्न केलाच नाही असं नका म्हणू. मी डोळ्यांनी पाहिलाय.

२००३ चा पावसाळा. रिलायन्सची ‘मान्सून हंगामा’. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे महिन्याच्या बिलात. सीडीएमए नावाच्या तंत्राचा सेट. त्यात सिमकार्ड नाहीच, नंबर सेटमध्येच भरलेला. म्हणजे फोनही त्यांचा आणि नंबरही त्यांचा, गिऱ्हाईक पळून जाईल कुठे? पावसात छत्र्या घेऊन लाईन. त्याआधी मोबाइल म्हणजे डॉक्टर आणि बिल्डरची चीज, आणि इथे रिक्षावाले, भाजीवाले, आमच्या मामांचा पानवाला. मग बिलं थकू लागली. फॉर्मवरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा, खोली कधीच सोडलेली. वसुलीची पोरं आमच्याकडे येऊन विचारायची, हा माणूस कुठे बसतो? आम्हाला माहीत असायचं. सांगत नव्हतो. संध्याकाळी तोच आमच्याकडून चार्जर घ्यायचा.

मग २२ ऑगस्ट २००८. आयफोन ३जी भारतात आला, एअरटेल आणि व्होडाफोनकडून. लोक पेपरातलं कात्रण घेऊन यायचे, ‘१९९ डॉलर’. तेव्हा डॉलर ४३ च्या आसपास, म्हणजे साडेआठ हजार. इथे ८ जीबीचा भाव ३१,०००. मी दिवसाला दहा जणांना समजावत होतो की अमेरिकेत उरलेले पैसे बिलात घेतात. एक काका म्हणाले, मग आमच्याकडूनही बिलात घ्या ना. आता त्यांना काय सांगू? काकांकडे प्रीपेडचं कार्ड होतं. बिलच नव्हतं.

सगळं इथेच अडतं बघा. या देशात दहातले नऊ आणि वर थोडे कनेक्शन प्रीपेड आहेत. आज दोनशेचा रिचार्ज मारला, उद्या माणूस गायब. २० जानेवारी २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आणि सगळ्यावर कडी म्हणजे दोन सिमचा फोन. ज्या फोनात दुसऱ्या कंपनीच्या सिमला जागा आहे, त्याच्यासाठी पहिलीने पैसे का घालावेत? अमेरिकेच्या कंपनीकडे गिऱ्हाइकाची दोरी आहे. आपल्याकडे दोरीच नाही.

२०१७ मध्ये जिओने दोरी बांधून पाहिली. जिओफोन, १,५०० रुपये डिपॉझिट, तीन वर्षांनी परत, आणि चालणार फक्त जिओवर. त्याच वर्षी एअरटेलने कार्बनचा साधा स्मार्टफोन काढला. आधी २,८९९ भरायचे, ३६ महिने १६९ चा रिचार्ज मारायचा, दीड वर्षाने ५०० परत, तीन वर्षांनी १,०००. कागदावर फोन १,३९९ ला पडतो. माझ्या काउंटरवरून गेलेल्यांपैकी ३६ महिने न चुकता रिचार्ज मारून परताव्यासाठी कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही. तीन वर्षं तो फोनच कुठे टिकतो.

तेव्हा ‘कंपनीने काय दिलं’ हे विचारायला आपल्याकडे सिमवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. इथे सवलत देतात तिघं: फोनचा ब्रँड, बँक आणि फायनान्सवाला. आणि लढाई लागते ती ब्रँडांत. नोकियाच्या काळात आम्ही राजे होतो, माल आमच्याच हातून जायचा. मग सॅमसंग, मग मायक्रोमॅक्स. २०१४ च्या जुलैत शाओमीने एमआय ३ फक्त ऑनलाइन विकला, १३,९९९ ला, सेकंदांत संपला. पोरं आमच्या दुकानात येऊन मॉडेल कुठलं चांगलं ते विचारायची आणि आमच्याच पायरीवर बसून फ्लिपकार्टवर बुक करायची. २०१७ संपता संपता शाओमीने सॅमसंगला मागे टाकलं. ओप्पो आणि विवो मात्र आमच्याकडे आले. म्हणाले, दुकानावर निळी पाटी लावा, हिरवी लावा, पाटीचं भाडं घ्या, काउंटरला आमचा मुलगा उभा करतो, त्याचा पगार आम्ही देतो. रावपुऱ्यापासून मंगळ बाजारापर्यंत नुसत्या हिरव्या-निळ्या पाट्या. मामा म्हणायचे, दुकान आपलं की यांचं? २०२४ मध्ये देशात सगळ्यात जास्त फोन विवोचे गेले. ते काही वेबसाइटच्या जोरावर नाही. ते माझ्यासारख्यांच्या पायांच्या जोरावर. दिवसाला दहा तास उभा असतो हो.

ऑनलाइनचा भाव आम्हाला का परवडत नाही, तेही सांगतो. सेलमध्ये ज्या भावात फोन दाखवतात, तेवढ्यात बरेचदा माझी खरेदीही होत नाही. मोबाइलवरचा जीएसटी एप्रिल २०२० मध्ये १२ चा १८ टक्के झाला, तो दोघांनाही सारखाच. पण वरून मिळणाऱ्या पैशाच्या थैल्या सारख्या नाहीत.

आता कामाचं. पुन्हा दुकानात जाल तेव्हा ऑनलाइनचा भाव तोंडी सांगू नका, दाखवा. आणि विचारा, “बँकेची ऑफर तुमच्या मशीनवर चालते का?” बरेचदा चालते. गिऱ्हाईक विचारत नाही आणि काउंटरवालाही सांगत नाही. हे मी लिहिलं म्हणून मामांना सांगू नका.

आणि फायनान्सवर घेणार असाल तर फोनात कुलपाचं अ‍ॅप टाकतात का, तेवढं बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाचा हप्ता चार दिवस चुकला, तर ऐन लग्नाच्या वरातीत फोन बंद. नवरदेव तोच होता.

सयाजीगंज_७

काउंटरवाले भाऊ, लिहिलंय झकास, पण तुम्ही दुकानाच्या बाजूनेच बोलणार. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओवर नातवाचं तोंड पाहिलं ते त्याच १,५०० च्या जिओफोनवर. तो दोरीने बांधलेला होता की साखळीने, याच्याशी तिला काय घेणं? ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं नसतं तर मास्तरांचे पाच परदेशी शिष्यही नसते. त्याआधी आपण महिनाभर एक जीबी पुरवून वापरत होतो, आठवतंय ना?

काउंटरवाला

आठवतंय. आधी सप्टेंबर ते डिसेंबर फुकट, मग ३१ मार्चपर्यंत फुकट. आमच्यासमोर तेव्हा सिमसाठी जी गर्दी झाली, तेवढी गर्दी मी गरब्यातच पाहिलीय. आणि जुलै २०२४ मध्ये जिओचा २३९ चा प्लॅन २९९ झाला. एअरटेलचा २६५ चाही २९९. दोघांचा आकडा सारखाच, कसा काय ते तुम्हीच विचारा. आईंच्या फोनबद्दल माझं काही म्हणणं नाही. डिपॉझिट परत घेतलंत का?

सयाजीगंज_७

नाही. आईने फोन द्यायला नकार दिला.

हिशेबाची_वही

‘नो कॉस्ट’चं मी सांगतो, माझं पोट त्याच आकड्यांवर आहे.

शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच मनाई केली. त्यामुळे बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा ब्रँड तेवढं व्याज किमतीतून आधी वजा करून देतो, म्हणून बेरीज तीच येते. मास्तरांच्या २४,००० च्या फोनचं १५ टक्क्यांनी सहा महिन्यांचं गणित असं होतं: बँक कर्ज देते साधारण २२,९८४ चं, व्याज १,०१६, हप्ता बरोबर ४,०००. इथवर खरोखर नो कॉस्ट. पण त्या १,०१६ व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, १८३ रुपये, तो तुमच्या खिशातून. वर प्रोसेसिंग फी, माझ्या कार्डावर १९९ आणि तिच्यावरही जीएसटी, म्हणजे २३५. एकूण ४१८. फार नाहीत. पण ‘नो’ नाहीत.

याहून मोठी बाब म्हणजे जो १,०१६ ब्रँडने सोडला, तो रोख घेणाऱ्याला कधीकधी सरळ सवलत म्हणून मिळतो. दोन्ही भाव शेजारी ठेवून बघा.

आणि २८ दिवसांचं: २९९ गुणिले तेरा, ३,८८७. बाराच असते तर ३,५८८. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२२ च्या जानेवारीत सांगितलं की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेचा ठेवावा. असतात तसे. अ‍ॅपमध्ये खाली-खाली जावं लागतं.

डग्गा_बडोदा

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, ते सांगतो.

शिष्याला रात्री फोन केला आणि विचारलं, अरे, छत्तीस महिने का? तो गप्प. मग म्हणाला, “गुरुजी, बिल बायको बघते.” विषय संपला.

मरीमातेच्या खांच्यात गेलो ते डग्गा घेऊनच गेलो. अ‍ॅक्टिव्हावर, पायांच्या मध्ये, खोळीत. दुकानदार आधी हसला, मग त्याने काउंटरवरची कव्हरं बाजूला सारून जागा करून दिली. तीन फोन मांडले, तिन्हींवर एकच कायदा (तबल्यातली एक ठरलेली बोलरचना) रेकॉर्ड केला आणि कानाला लावून ऐकला. बाहेर चार-पाच माणसं जमली. मुलाने काढून ठेवलेला फोन तिन्हींत सगळ्यात वाईट निघाला, डग्ग्याचा घुमारा त्याने पार खाल्ला. दुसरा, त्याच किमतीतला पण पाटीवर कुठेही नसलेला, त्याने जसाच्या तसा धरला. आता हे वेबसाइटवर कुठल्या रकान्यात लिहितात?

मग काउंटरवाल्यांनी शिकवलेलं वाक्य म्हटलं. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घराण्याची बंदिश चोरलीय. म्हणाला, चालते. भाव होता २४,४९९, कार्डावर दीड हजार सुटले, २२,९९९ एकरकमी, हप्ता नाही. जुन्या फोनचे ९०० देत होता, मी दिला नाही. कव्हर फुकट, काचेचे १५० घेतलेच. पक्कं बिल घेतलं.

आता शेवटचं. सकाळी तोरोंटोच्या मुलीला शिकवलं, ‘धा’ला ‘धा’ म्हणाली. पण झूमवर जोरात वाजवलं की मधूनच अर्धा बोल कापला जातो, आणि या नव्या फोनात ते ‘ओरिजिनल साउंड’ मला सापडत नाहीये. शून्य_बॅलन्स, बटण कुठे असतं? कॉल सुरू व्हायच्या आधी की नंतर?

शून्य_बॅलन्स

काका, कॉल सुरू झाल्यावर स्क्रीनला एकदा टेकवा, मग तीन ठिपके. तिथे नसेल तर बाहेर येऊन सेटिंगमध्ये मीटिंगच्या भागात आधी परवानगी द्यावी लागते. आणि कायदा कुठला वाजवला होतात दुकानात?

डग्गा_बडोदा

सापडलं. दिल्लीचा, ‘धाति धागे’. त्यात डग्गा लपत नाही.